मदत हवी आहे: बाथरूममधला गॅस गिझर बाहेर कसा हलवावा? (आई आत बेशुद्ध पडली होती)

नमस्कार. आमचं घर साताऱ्यात, जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे. बाथरूम चार बाय पाच फुटांचं आणि गॅस गिझर आतल्याच भिंतीवर. सिलिंडर मागच्या गॅलरीत असतो. आठ वर्षं काही त्रास झाला नव्हता.

डिसेंबरपासून आई आंघोळ करून आली की कपाळ धरून बसायची. मळमळतंय म्हणायची. आम्ही सगळे म्हणायचो, पित्त झालं असेल. मीही तिला आलेपाक आणून दिला. आता आठवलं की जीव कासावीस होतो, कारण हे दर रविवारी, तिच्या न्हायच्या दिवशीच जास्त व्हायचं. केस धुवायचे म्हणजे पाणी वीस-पंचवीस मिनिटं चालू. हा मेळ कुणाच्याच लक्षात आला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आतून बादली पडल्याचा आवाज आला. हाक मारली तर उत्तर नाही. भावाने लाथा घालून कडी तोडली. आई भिंतीला टेकून पडली होती, गिझर चालूच होता. जवळच्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवलं. बीपी कमी झाला असेल, म्हणाले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "गिझर गॅसचा की विजेचा?" त्यांनी रक्ताची वेगळी तपासणी केली आणि लगेच ऑक्सिजनचा मास्क लावला.

त्यांनी समजावलं ते असं. हवा पुरेशी नसली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला येतो तो वास गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. तो गॅस जळून गेल्यावर कसला वास राहणार? कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून ९८. साध्या हवेत तो रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

घरी येऊन बाथरूम नीट पाहिलं. झरोक्याच्या काचांना मीच नोव्हेंबरात प्लॅस्टिक चिकटवलं होतं, गार वारा येतो म्हणून. गिझरची ज्योत निळी असायची ती पिवळी झाली होती आणि वरच्या पत्र्यावर काजळी होती. बोट फिरवलं तर काळं झालं.

आता अडचण बाबांची आहे. ते म्हणतात, सिलिंडर बाहेर आहे, वास येत नाही, मग गिझरचा दोष कसा? प्लंबर म्हणतो, एक्झॉस्ट फॅन बसवा, भागेल. मला पटत नाही. गिझर गॅलरीत हलवून फक्त गरम पाण्याची पाइप आत आणली तर प्रेशर पुरेल का? की सरळ विजेचा घ्यावा? वायरिंग जुनं आहे. आणि आई हल्ली एखादं नाव विसरते. डॉक्टरांनी काही आठवडे लक्ष ठेवायला सांगितलंय. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १
ताई, आमचा गिझर गेली चार वर्षं गॅलरीत आहे. नळ आतच. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने तो बाहेर पेटतो. सुरुवातीला थोडं गार पाणी येतं, एवढंच. पाइप गरम पाण्याची, म्हणजे सीपीव्हीसी घ्या. मात्र गॅलरीला काचा लावून बंद केली असेल तर काही उपयोग नाही. गिझर बाथरूमच्या खिडकीखालीही नको, धूर तिथूनच आत येईल.

प्रतिसाद २
फॅनवर विसंबू नका. फॅन हवा बाहेर ओढतो, पण दार घट्ट बसत असेल तर नवी हवा येणार कुठून? आणि लाईट गेली की तोही बंद. विजेचा साठवणीचा गिझर साधारण २००० वॅटचा असतो, त्याला स्वतंत्र पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवं. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. आईंच्या विसरण्याचं मात्र थांबू नका, आजच डॉक्टरांना कळवा. या विषबाधेचा परिणाम काही आठवड्यांनी दिसू शकतो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. बाबांना काजळीचं बोट दाखवलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच पाना घेऊन गिझर उतरवायला लागले. सध्या खिडकी उघडी ठेवून शेगडीवर पाणी तापवतोय. मंगळवारी भिंतीला भोक पाडायला माणूस येईल. आमची गॅलरी तिन्ही बाजूंनी उघडी आहे, पण बाथरूमचा झरोका तिथून जेमतेम पाच फुटांवर आहे. एवढं अंतर पुरेल का?