नोज टॅकलचा सराव घरी कसा घ्यावा?

ओहायोकर:
नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, कोलंबसजवळच्या शाळेत अमेरिकन फुटबॉलच्या फ्रेशमन (नववीच्या) संघात खेळतो. अंगाने भरलेला म्हणून कोचने बचावफळीच्या मधोमध, बॉल मागे देणाऱ्या सेंटरसमोर, नोज टॅकलला उभं केलंय. समोर एकटा सेंटर असला की निभावतो, पण सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड मिळून आले की पठ्ठ्या तीन यार्ड मागे. चार सामन्यांत एकच टॅकल (म्हणजे बॉलवाल्याला पाडणं), घरी तोंड पाडून बसतो. मी कबड्डीवाला, यातलं फारसं कळत नाही. मागच्या अंगणात काय करून घेऊ? वजन वाढवावं का?

बाकावरचा_गडी:
वजन राहू द्या, आधी कंबर खाली आणा. बाकी लालमाती सांगतीलच.

लालमाती:
आलोच! मिडल स्कूलच्या पोरांना तीन हंगाम शिकवलंय, तेवढ्यावर बोलतो.

आधी कोचला विचारा, पोराकडे एक गॅप (दोन अडवणाऱ्यांमधली फट) आहे की दोन? नाकासमोर नाक लावून उभा असेल तर बहुधा सेंटरच्या दोन्ही बाजू त्याच्या. सेंटरच्या एका खांद्यावर असेल तर एकच. दोन्हींचं पाऊल वेगळं. घरी भलतंच घोटवलंत तर मैदानावर गोंधळेल.

आता दोघं अंगावर येतात तेव्हाचं. धक्का बसला की पोरं उभी होतात, आणि उभा राहिला की संपला. आधी सेंटरला भिडायचं: हात त्याच्या छातीवर, अंगठे वर, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, नजर वर. डोकं खाली घालून धडक अजिबात नाही, मानेचा प्रश्न आहे. बाजूने गार्डचा भार जाणवला की त्या बाजूचं कंबरडं खाली टाकून त्याच्यावर रेटायचं. तरी पाय सुटायला लागले तर गुडघा टेकून तिथेच ढीग करायचा. दोघं त्या ढिगात अडकले की पोराच्या मागे उभा असलेला आपला लाइनबॅकर मोकळा, टॅकल त्याच्या नावावर. म्हणून टॅकल मोजू नका. व्हिडिओ थांबवून बघा, पोरगं सुरुवातीच्या रेषेवर आहे की मागे.

घरी दोनच गोष्टी. कपडे वाळत घालायची दोरी त्याच्या छातीच्या उंचीला सैल बांधा (ताणून नको, गळ्याला अडकेल) आणि खालून पहिली तीन पावलं टाकायला लावा. दुसरं, तुम्ही बॉल जमिनीवर धरून खोटं खोटं ‘हट हट’ ओरडा. त्याने बॉल हलल्यावरच निघायचं. हायस्कूलच्या नियमात स्नॅपआधी (सेंटरने बॉल मागे देण्याआधी) घुसलं की लगेच पाच यार्ड, मागे सरकून सुटका नाही.

आणि हिवाळ्यात शाळेच्या कुस्तीत घाला! कर्ली कल्प १९६७ साली कॉलेज कुस्तीत हेवीवेटचा राष्ट्रीय विजेता. जानेवारी १९७०च्या सुपर बोलमध्ये (व्यावसायिक संघांचा अंतिम सामना) कॅन्सस सिटीने त्याला मिनेसोटाच्या सेंटरच्या नाकावर बसवला आणि सामना २३-७ असा मारला. तालमीत वस्ताद ‘खाली बस, खाली बस’ ओरडायचे ते उगाच नाही.

वऱ्हाडी_आई:
वजनाबद्दल माझंही ऐका. आमच्याकडे एका कोचने ‘अजून वीस पौंड’ म्हटलं आणि आम्ही बटाटे-भात सुरू केला. हंगाम संपायच्या आत गुडघे दुखायला लागले. आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही.

ओहायोकर:
सर्वांचे आभार. दोरी बांधली, बायको कपडे कुठे टाकू म्हणतेय. कोच म्हणाला एकच गॅप, डावीकडचा. मग पहिलं पाऊल कुठलं?

लालमाती:
आम्ही सेंटरच्या बाजूचा पाय शिकवतो, जेमतेम सहा इंच. पण डावीकडचा म्हणजे कोणाच्या डावीकडचा, पोराच्या की सेंटरच्या?

ओहायोकर:
अरेच्चा. विचारून येतो.