पद्मिनीचा रेक्झिन टॉप काढावा का? मागच्या काचेतून पाणी येतंय

पद्मिनी_८४ (रत्नागिरी)
बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. क्रीम रंग, छपरावर काळा रेक्झिन टॉप. टॉप कंपनीचा नाही, बाबा मुंबईत नोकरीला असताना हौसेनं बसवून घेतलेला. कडेनं चकचकीत पट्टी आहे, ती मागच्या खांबावरून खाली येते.

पाऊस पडला की मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात पाणी. सीटखालचा पत्रा ओला, डिकीत कुबट वास. गेल्या वर्षी मागच्या काचेचं रबर नवीन टाकलं, फरक शून्य. मग काचवाल्यानं रबराच्या कडेनं पारदर्शक सिलिकॉन फिरवलं. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. आता तो म्हणतो काच काढून परत बसवू. शिवाय काचेच्या वर टॉपला फुगवटे आलेत, दाबले की करकरतात.

टॉप काढूनच टाकावा काय? आईचा सक्त विरोध आहे, "काढलास तर गाडी बोडकी दिसेल" म्हणते. पाऊस तोंडावर आलाय, लवकर सांगा.

नानापेठेतला (पुणे)
रबर कुठलं टाकलं? बाजारात स्वस्तातलं येतं ते कडक असतं, कोपऱ्यात वळतच नाही, उभं राहतं. नखानं दाबून बघा, खूण उमटून परत भरली पाहिजे. आणि काही झालं तरी ती चकचकीत पट्टी वाकवू नका. तशी दुसरी शोधायला जुना बाजार पालथा घालावा लागेल.

पत्रेवाला (कोल्हापूर)
काच काढू नका. आत्ता तरी नको.

उद्यमनगरात पत्र्याचं काम करण्यात हयात गेली. आता मुलगा बघतो, मी खुर्ची टाकून बसतो नि त्याच्या चुका काढतो. सांगायचं एवढंच, की रेक्झिन टॉपवाल्या गाडीत पाणी दिसतं एकीकडं नि शिरतं दुसरीकडं. तुमची पट्टी कशावर बसवलीय ते आधी बघा. असले बाहेरून घातलेले टॉप बसवताना सरळ ड्रिल मारायचे नि पॉप रिव्हेट नाहीतर स्क्रू ठोकायचे. धडधाकट पत्र्याला भोकं पाडायची, वर पट्टी झाकायची, मध्ये सीलच्या नावानं शंख. पाणी पट्टीखाली तुंबतं, रिव्हेटच्या कडेनं खांबात उतरतं. खांब आतून पोकळ, त्यामुळं ते थेट सीटमागं निघतं. काचवाला बिचारा काचेभोवतीच प्रदक्षिणा घालतोय.

करकर म्हणजे गंज. रेक्झिनला खालून कापडी अस्तर असतं, ते एकदा भिजलं की स्पंजासारखं पाणी धरून बसतं. वरून रेक्झिन बंद, त्यामुळं उन्हातसुद्धा वाळत नाही.

खात्री अशी करा. मागची सीट आणि काचेखालची फळी काढा, आतलं सगळं कोरडं पुसा, एकाला बॅटरी देऊन आत बसवा. बाहेरून मगानं पाणी सोडा. पाइप दाबून फवारा मारू नका, जोराचं पाणी कुठूनही घुसतं नि भलताच माणूस आरोपी ठरतो. आधी काचेची खालची कड. मग थांबा, पाण्याला वाट काढायला वेळ लागतो. मग बाजू, मग वरची कड, आणि पट्टी सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केलीत तर सगळीकडून ओघळणार आणि काहीच कळणार नाही.

ते सिलिकॉन मात्र आजच खरवडून काढा. लावताना व्हिनेगरसारखा वास येत होता ना? तसलं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, उघड्या पत्र्याला तिथंच गंज धरतो. आणि त्याचा अंश राहिला तर त्या जागी रंग बसत नाही, बारीक डबरे पडतात. पेंटर शिव्या घालतो.

पद्मिनी_८४
मेव्हण्याला आत बसवलं. काचेच्या चारी बाजूंनी पाणी घातलं, आत एक थेंब नाही. डाव्या पट्टीच्या टोकावर मग रिकामा केला आणि आतून "आलं, आलं!" पट्टी अलगद उचकटली तर खाली अॅल्युमिनियमचे रिव्हेट, काहींची डोकी नुसती हाताला आली. एका फुगवट्याला ब्लेडनं काप दिला. तपकिरी पाणी निघालं आणि त्यामागून गंजाच्या पापड्या. एका ठिकाणी आरपार भोक आहे, आतलं लायनिंग दिसतंय.

इथला पेंटर म्हणतो भोकात लांबी (पुट्टी) भरून रंगासकट आठवड्यात देतो. देऊ का?

पत्रेवाला
लांबी भरून? मुळीच देऊ नका. भोकावर भरलेली लांबी पाठीमागून ओल ओढते आणि वर्ष-दोन वर्षांत ढलपा पडतो. पत्रा कापून नवा तुकडाच वेल्ड केला पाहिजे. रिव्हेटची भोकंसुद्धा वेल्डिंगनंच बुजवा.

टॉप आत्ताच काढा. हीट गन मंद ठेवा, हाताला सोसेल इतपत. कडेपासून सुरू करा, लाकडी पट्टीनं सोडवत जा, शक्यतो अखंड निघू दे. परत वापरायला नव्हे, कुशनवाल्याला नवा कापताना तोच साचा होतो. पत्र्यावर राहिलेलं सोल्यूशन, म्हणजे रेक्झिन चिकटवायचा डिंक, थिनरच्या फडक्यानं, थोडं थोडं करत, उघड्यावर. जवळपास बिडीवाला नको.

रबराच्या ओठाखाली गंज गेलेला असणारच, म्हणून काच आता काढायची. वेल्डिंगच्या आधी लायनिंग नि सीट बाहेर, बॅटरीची वायर सोडा, ओलं पोतं आणि पाण्याची बादली हाताशी. छपराचा पत्रा पातळ असतो, एका दमात वेल्ड ओढलात तर लाटा येतात. एक टाका इथं, दुसरा लांब तिथं, मध्ये गार होऊ द्या. बाकी गंज ८० नंबरच्या पेपरनं पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासा, खड्ड्यातला राहिलेला फॉस्फरिक आम्लाच्या कन्व्हर्टरनं मारा, मग कोरड्या दिवशी इपॉक्सी प्रायमर. छपराच्या कडेच्या पन्हळीच्या जोडाला सीम सीलर, म्हणजे सांधा बुजवायचा लेप.

रंग मात्र दिवाळीनंतर. रत्नागिरीच्या दमट हवेत एनसी, म्हणजे झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग मारलात तर पांढरट पडतो. तोवर प्रायमरवर चालवा, पण उभी शेडमध्ये करा. इपॉक्सीला ऊन मानवत नाही.

काच बसवताना रबर आधी काचेला चढवा, खाचेत सुतळी फिरवा, साबणाचं पाणी लावा. दोघं लागतात. एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं, दुसऱ्यानं आतून खालच्या मधल्या भागापासून सुतळी ओढायची, म्हणजे ओठ पत्र्यावर चढत जातो. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न वाळणारं ब्यूटाईल सीलंट.

आईंना सांगा टॉप परत येणार. छप्पर असं रंगवून घ्या की वर काही चढणारच नाहीये, नंतर रेक्झिन चिकटवा. पट्टी दुहेरी टेपवर. ड्रिल कुणी हातात घेतलं तर गाडी घरी आणा.

सांगलीची_फियाट
मध्येच विचारते. माझ्या गाडीत पुढं पायाशी पाणी येतं आणि टॉपबिप काही नाही. हाच प्रकार का?

पत्रेवाला
नाही ताई, आधी दारं बघा. काचेच्या फटीतून थोडं पाणी दारात उतरणारच, ते तळच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं मातीनं बुजली की दारात साठतं आणि आतल्या कार्डबोर्डवरून पायाशी येतं. दार हलवून बघा, खळखळ आवाज आला तर तेच. बारीक तारेनं भोकं मोकळी करा, आणि कार्डबोर्डमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर नवा लावा, त्याचं खालचं टोक दाराच्या आत सोडून.