बेरिया कॉलेजने ‘ख्रिस्ती’ हे विशेषण टाकून द्यावं का?

डोंगरपायथा:
अमेरिकेतल्या केंटकी राज्यात राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. लेक्सिंग्टनहून दक्षिणेला निघालं की पाऊण तासात सपाट कुरणं संपतात आणि अ‍ॅपलाचियाचे डोंगर सुरू होतात. त्या सांध्यावर एका टेकाडावर बेरिया गाव आहे, आणि गावाच्या मधोमध बेरिया कॉलेज. विद्यार्थी साधारण दीड हजार. लिबरल आर्ट्‌स कॉलेज, म्हणजे साहित्य, विज्ञान, इतिहास, संगीत सगळं एका छताखाली. कुठल्याही एका पंथाचं नाही, पण स्वतःला उघडपणे ख्रिस्ती म्हणवतं. १८९२ पासून इथे शिकवण्याची फी घेत नाहीत. प्रवेश मिळतो तो कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना, त्यातली बरीचशी याच डोंगरांतली. आणि प्रत्येकाला आठवड्याला निदान दहा तास काम करावं लागतं, मग ते वाचनालयात असो, शेतावर असो, विणकामाच्या मागावर असो की कॉलेजच्याच बून टॅव्हर्न हॉटेलात.

परवा इथल्या मराठी मंडळींच्या जेवणात एकाने मत मांडलं, ‘एवढं चांगलं काम करतात, तर ते ख्रिस्ती विशेषण आता सोडून का देत नाहीत?’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

१८५५ साली कॉलेजची सुरुवात करणारा जॉन फी हा केंटकीतल्याच एका गुलाम-मालकाचा मुलगा. काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणारं ओबर्लिन कॉलेज शेजारच्या ओहायो राज्यात होतं, जिथे गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. फीला तसंच कॉलेज गुलामगिरीच्या राज्यात हवं होतं. त्याने लिहिलं की ते गुलामगिरीविरोधी, जातिविरोधी, दारूविरोधी आणि पापविरोधी असावं. होय, जातिविरोधी. ‘कास्ट’ हाच शब्द त्याने वापरलाय. १८५९ च्या डिसेंबरात परगण्यातल्या प्रतिष्ठितांनी त्याला आणि त्याच्या साथीदारांना दहा दिवसांत राज्य सोडायला लावलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर मंडळी परत आली आणि १८६६ मध्ये शाळा पुन्हा भरली, तेव्हा पटावर ९६ काळी मुलं होती आणि ९१ गोरी. हे धाडस कुठून आलं? ‘पृथ्वीवरच्या सर्व लोकांना देवाने एकाच रक्ताचे केले’ या बायबलमधल्या ओळीतून. तीच आजही कॉलेजची ब्रीदओळ आहे. विशेषण काढलं की ही ओळ भिंतीवरची नक्षी होऊन बसेल.

तर्क_पुणे:
धाडस जॉन फीचं होतं, ओळीचं नव्हे. त्याचा बापही तेच बायबल वाचत होता आणि गुलाम बाळगत होता. दक्षिणेतल्या शेकडो चर्चांमध्ये त्याच ग्रंथातून गुलामगिरीचं समर्थन चालायचं. एका ग्रंथातून दोन उलट गोष्टी निघत असतील, तर निवड माणसाची असते.

फी माफ असण्याचं कारणही श्रद्धा नाही, हिशोब आहे. १९२० मध्ये विश्वस्तांनी ठरवलं की मृत्युपत्रातून येणारी जी रक्कम अमुकच कामासाठी दिलेली नसेल, ती खर्च न करता कायम निधीत टाकायची. तो निधी आज एक अब्ज डॉलरच्या वर आहे आणि त्याच्या व्याजावर मुलं शिकतात. असा निर्णय कुठलीही निधर्मी संस्था घेऊ शकते.

आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. ते कुठल्या चर्चचे, हे त्यांनी विचारलं नाही.

डोंगरपायथा:
विचारलं नाही, खरं. पण जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि देव या कल्पनेला हद्दपार न करता त्यांनी ‘निर्मिक’ म्हटलं. सगळे एका निर्मिकाची लेकरं, म्हणून उच्चनीच खोटं, हा त्यांचा युक्तिवाद आणि जॉन फीचा युक्तिवाद यात मला तरी फरक दिसत नाही. निधीबद्दल सांगायचं तर तेवढा पैसा अमेरिकेत अनेकांकडे आहे. फी माफ किती जणांनी केली?

सातारची_लेक:
मला धर्मापेक्षा त्या दहा तासांवर बोलायचंय. रयत शिक्षण संस्थेत कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ उभं केलं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणत मुलांनी शेतं कसली, दगड फोडले, आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवली. माझे आजोबा त्या पंगतीतले.

पुढे मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकले, नाव नको. तिथेही ‘कमवा आणि शिका’ होतं, पण फक्त गरजू मुलांसाठी. सकाळी सहाला आम्ही बागेत पाणी घालायचो आणि वर्गातल्या मैत्रिणी यायच्या आत हात धुऊन कपडे बदलायचो. काम वाईट नव्हतं, पण ‘ही त्या योजनेतली’ हे ऐकणं वाईट होतं. बेरियात सगळ्यांनाच काम आहे, म्हणजे कुणाला लपावं लागत नाही. माझ्या लेखी त्या कॉलेजची खरी शिकवण ही. आणि भाऊरावांना त्यासाठी कुठलंही विशेषण लागलं नव्हतं.

जुने_कागद:
सगळे फारच भारावलेत, म्हणून नंतरचंही सांगतो. १८९२ मध्ये विल्यम फ्रॉस्ट अध्यक्ष झाले आणि संस्थेचा रोख हळूहळू डोंगरातल्या गोऱ्या गरिबांकडे वळला. काळ्या विद्यार्थ्यांचा वाटा घटत गेला. काळ्यांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणारे कार्टर वुडसन १९०३ मध्ये इथून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी केंटकीने ‘डे लॉ’ करून काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवण्यावर बंदी घातली. बेरियाला १००० डॉलर दंड झाला. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं आणि १९०८ मध्ये हरलं. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत लिहिलं, तेही केंटकीचेच.

इथवर ठीक. पण नंतर कॉलेजने काय केलं? पैसे जमवायला मदत करून काळ्या मुलांसाठी लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी शाळा उभी केली आणि स्वतः गोऱ्यांचं कॉलेज म्हणून चालू राहिलं. गावातून जायचं कुणी, हा प्रश्न आला तेव्हा काळी मुलं गेली. ‘एकाच रक्ताचे’ हे वाक्य तेव्हाही होतंच.

डोंगरपायथा:
यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ती ४६ वर्षं मला टोचतात. १९५० मध्ये कायदा सैल झाला आणि बेरियाने त्याच वर्षी दार उघडलं, हे खरं, पण तेवढ्याने मधल्या पिढ्यांची भरपाई होत नाही. तरी एक सांगतो. तुम्ही आज बेरियाला जाब विचारताय तो त्याच वाक्यावर बोट ठेवून. ज्या कॉलेजांनी असं काही लिहूनच ठेवलं नव्हतं, त्यांना कुणी काय विचारणार?

तर्क_पुणे:
हा मुद्दा मला मान्य. वाक्य राहू द्या. पण जोतीरावांचंच पुढचं सांगतो. ‘सार्वजनिक सत्यधर्मा’त ते म्हणतात की एकाच घरात बाईने बौद्ध व्हावं, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान, मुलाने सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी प्रेमाने नांदावं. अशा घराच्या दारावर एकट्या नवऱ्याच्या धर्माची पाटी का? स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स या मूळच्या केंटकीच्या, स्वतःला बौद्ध ख्रिस्ती म्हणवणाऱ्या. २००४ पासून त्या याच कॉलेजात होत्या, २०२१ मध्ये बेरियातच गेल्या. घर आतून केव्हाच तसं झालंय. पाटी तेवढी बदलायची राहिलीय.

सातारची_लेक:
@डोंगरपायथा, पाटीचं तुम्ही दोघं बघा. तुम्ही तिकडे जाता तेव्हा एक कराल का? त्या बून टॅव्हर्नमध्ये जेवण वाढणाऱ्या एखाद्या मुलीला विचारा, वर्गातल्या मैत्रिणी तिथे जेवायला आल्या तर ती त्यांच्या टेबलाकडे स्वतःहून जाते का.

डोंगरपायथा:
शनिवारी जातोय. विचारून इथेच लिहितो.