एकट्याने डबा खाणाऱ्यांसाठी
महाविद्यालयाचे पहिले सत्र संपत आले तरी डबा एकट्यानेच खावा लागतो, असे आपण लिहिले आहे. त्यावर इतरांनी दिलेला ‘स्वतःहून बोला’ हा सल्ला बुजऱ्या मुलाच्या फारसा उपयोगाचा नाही, असे मला वाटते. त्यापेक्षा राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे महाविद्यालयातील समाजसेवेच्या उपक्रमात, नाव नोंदवावे. दोन वर्षांत २४० तासांचे काम असते, परंतु खरी ओळख होते ती ७ दिवसांच्या निवासी शिबिरात. आमच्या शिबिरात बांधासाठी मातीच्या पाट्या हातोहात पुढे द्यायच्या होत्या, आणि वर्गात मागच्याच बाकावर बसूनही अनोळखी राहिलेला मुलगा त्या रात्री माझ्या हातावरच्या फोडांना खोबरेल तेल लावत होता. पुण्यात असाल तर पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींनाही जाऊन पाहावे. अभिनय येत नसला तरी पडद्यामागे माणसे लागतातच.