उथळ तलाव खोल केला तर हिवाळ्यात पक्षी वाढतात का?

शेकाट्या_फॅन:
मंडळी, एक शंका आहे. सपाटीवरचा उथळ तलाव, बराचसा भाग कमरेएवढाही नाही, तरी हिवाळ्यात बदकांनी नुसता भरलेला असतो, आणि खोल जलाशयाच्या मधोमध दुर्बीण लावली तर जवळपास काहीच दिसत नाही. आता काही जण म्हणतात गाळ काढून तलाव सगळीकडे सारखा खोल करा, पाणी वाढेल आणि पक्षीही वाढतील. असं खरंच होतं का?

पाणकाठ:
उलटंच होतं हो. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही सगळी शेपूट वर करून डोकं खाली घालून खाणारी, मान पोचेल तेवढंच त्यांचं ताट, म्हणजे फूट-दीड फूट पाणी. शेकाट्या, तुतवार यांना तर पाय टेकायला हवेत. शेंडी बदक आणि लालसरी बुड्या मारतात त्यामुळे त्यांना 1 ते 3 मीटर खोली छान चालते. एकाच तलावात उथळपासून खोलपर्यंत असं सगळ्या खोलीचं पाणी मिळालं तरच सगळे थांबतात. आणि जिथे पाणी हळूहळू ओसरतं तिथे नवा चिखल उघडा पडत जातो, त्यातल्या अळ्या, बिया, कंद हेच तर त्यांचं हिवाळ्याचं खाणं.

नितळपाणी:
अजून एक, उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं म्हणून पाणवनस्पती वाढतात आणि वनस्पती आहेत म्हणून पाणी नितळ राहतं. सांडपाणी आलं की शेवाळ वाढून हे बिघडतं. नेदरलँड्समधल्या वेलुवेमेर या उथळ तलावात हेच झालं होतं. 1979 पासून पाण्यात येणारा, शेवाळ वाढवणारा फॉस्फरस कमी केला तरी तलाव लगेच सुधारला नाही, पुढे तळ ढवळणारे ब्रीम मासे मोठ्या प्रमाणात काढले, 1990 च्या दशकात कारा ही पाण्याखालची वनस्पती तळभर पसरली आणि पक्षी परत वाढले. त्यामुळे मला विचाराल तर आधी सांडपाणी थांबवा, खोलीचं नंतर बघू.

शेकाट्या_फॅन:
बापरे, एवढं डोक्यात नव्हतं. मग गाळ अजिबातच काढायचा नाही का?

पाणकाठ:
काढा ना, पण एका बाजूचा, पक्षी गेल्यावर, आणि काठ उतरता ठेवून. उभी दगडी भिंत बांधली की चिखलातले पक्षी गेलेच म्हणून समजा. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत (1987 पासून चालू आहे) तुमच्या तलावाचे आकडे द्या आणि सोबत काठी बुडवून ठिकठिकाणची खोलीही लिहून ठेवा, गाळ काढण्याबद्दलच्या बैठकीत नकाशासकट दाखवलंत तर कुठे हात लावायचा नाही ते लोकांना पटकन पटेल.