गेटवर रखवालदार आहे म्हणून भाड्याचं घर सुरक्षित होत नाही

मुठाकाठची (धागाकर्ती)

पुण्यात नोकरीला येणाऱ्या मुलींना काल इथे एकाने सल्ला दिला: "चार-पाच हजार जास्त मोजा, पण गेट, कॅमेरे आणि रखवालदार असलेल्या टॉवरमध्येच घर घ्या. जुन्या बिल्डिंगीत राहायचं तर धोका आपणहून पत्करलाय असं समजा." ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

अकरा वर्षांत मी पुण्यात सहा घरं बदलली. सगळ्यात वाईट अनुभव आला तो खराडीच्या टॉवरमध्ये. गेटवर दोन रखवालदार, पाहुणा आला की मोबाइलवर मंजुरी, लिफ्टमध्ये कॅमेरा. एका रविवारी दुपारी अंघोळ करून बाहेर आले, तर हॉलमध्ये मालकाचा भाऊ सोफ्यावर बसलेला. जादा किल्ली त्याच्याकडे होती. रखवालदाराने सलाम ठोकून वर सोडलं, कारण त्याच्या लेखी तो ओनर. "पंखा बघायला आलो होतो," म्हणाला. कॅमेऱ्यात तो येताना-जाताना स्वच्छ दिसतोय. त्याचं मी काय करू?

तेव्हापासून कुठलंही घर घेतलं की पहिल्या दिवशी लॅचचा सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, बदलते. जुना पिशवीत जपून ठेवते आणि घर सोडताना परत बसवून देते. मालकाने येण्याआधी आदल्या दिवशी फोन करायचा, हे करारात लिहून घेते. घर बघायला दिवसा जाते तशीच एकदा रात्री नऊनंतर जाते, बसस्टॉपपासून दारापर्यंत चालत. पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, हे विचारते. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुलियन-बॅरे या नसांच्या आजाराचे) रुग्ण निघाले आणि संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हा पाण्याचा प्रश्न किती मोठा आहे ते कळलं. नदीकाठी तळमजला नको; २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पार्किंगमधून घरात पाणी शिरलं, तिथल्या सोसायट्यांना गेट होतंच की.

सध्या कोथरूडच्या चार मजली जुन्या बिल्डिंगीत राहते. लिफ्ट नाही. समोरच्या आजींचं दार दिवसभर उघडं असतं. इतकी निर्धास्त झोप मला खराडीत कधी लागली नाही.

दोन_फ्लॅटवाला

ताई, तुमच्या बाबतीत घडलं ते चूकच. पण त्यावरून गेट आणि नियम सगळे निरुपयोगी ठरवू नका. मी मालक आहे, दुसरी बाजू ऐका.

२०१४ मध्ये ओळखीतून एका सज्जन माणसाला फ्लॅट दिला. करार साध्या स्टॅम्पपेपरवर, पोलिसांना कळवलं नाही. त्याने परस्पर सहा मुलं ठेवली. त्यातल्या एकाच्या शोधात पोलीस रात्री दोन वाजता माझ्या दारात. बायकोला रक्तदाबाचा त्रास, ती थरथर कापत होती. तेव्हापासून माझ्याकडे नोंदणीकृत करार, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती आणि रात्री दहाला गेट बंद, या तीन गोष्टी पक्क्या. मालकाला काळजी असते म्हणून हे नियम असतात.

रात्रपाळी

काका, पहिल्या दोन गोष्टी मान्य. दहाचं गेट मात्र कुणाच्या काळजीपोटी? माझी शिफ्ट साडेअकराला सुटते. वाकडला आमच्या सोसायटीत दहानंतर एकट्या मुलीला आत सोडायचं तर फ्लॅटमालकाचा फोन लागायचा. मालक झोपलेले. कॅब निघून गेलेली. मी ओढणी डोक्यावरून घेऊन पंचवीस मिनिटं गेटबाहेर उभी, पलीकडे टपरीवर चार जण, आणि रखवालदार खुर्चीवर बसून माझ्याकडे बघतोय. त्या रात्री मला धोका होता तो त्या गेटमुळेच. नांदेडहून आई रोज विचारायची, "वेळेत पोचलीस ना?" तिला काय सांगायचं?

दोन_फ्लॅटवाला

सोसायटीचा ठराव असतो, मालक एकटा काय करणार? आणि उशिरा येणाऱ्यांमुळे इतर घरांना त्रास होतो, हेही लिहा ना.

कलम_पंचावन्न

ठराव झाला म्हणजे कायदा झाला, हा गैरसमज घरोघरी आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकार खात्याने सोसायट्यांसाठी दिलेले नमुना नियम) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं, आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. तरी एनओसी अडवून ठेवतात, वर 'फक्त फॅमिली'चा फलक. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, हे २००१ पासून ठरलेलं आहे. किती सोसायट्या पाळतात ते आपापल्या बिलावर बघा.

आणि भाडेकरूंनो, 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' असं सांगणाऱ्या एजंटापासून लांब राहा. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

गिरगावातला

तुम्हा पुणेकरांना निदान घर दाखवतात तरी. मुंबईत फोनवरच आडनाव विचारतात आणि मग "मासे खाता का?" मी हो म्हणालो की एजंटचा आवाज बदलतो. ज्या शहरात माझे आजोबा गिरणीत राबले, त्याच शहरात मला घर बघायलाही नेत नाहीत. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिसची जागा बघताना 'महाराष्ट्रीयन चालत नाहीत' असं तोंडावर सांगितलं. तेव्हा चार दिवस सगळे बोलले, पुढे काय झालं?

शांत_वस्ती

भावना समजतात, पण सोसायटी ही सभासदांची खासगी मालमत्ता आहे. आपल्या आचारविचाराच्या लोकांसोबत राहावंसं वाटणं गुन्हा नाही. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं आहे.

कलम_पंचावन्न

तो निकाल सभासदत्व पारशांपुरतं ठेवणाऱ्या नोंदणीकृत उपविधीबद्दल होता. तुमच्या वॉचमनने भाडेकरूच्या पिशवीत बोंबील शोधावेत, असं त्यात कुठेही नाही.

गिरगावातला

'आचारविचार' हा शब्द वापरू नका. माझ्या मित्राला आडनाव ऐकून तीन ठिकाणी नकार मिळाला. तो आयुष्यात मासे खात नाही. त्याच्या आचाराबद्दल कुणी विचारलंच नाही.

शांत_वस्ती

जातीवरून नकार देणं मला मान्य नाही, हे स्पष्ट लिहितो. वासाचा त्रास मात्र खरा असतो. माझ्या आईला दमा आहे.

रात्रपाळी

आणि आम्हा मुलींना मासे खाऊनही नको, न खाऊनही नको. 'फॅमिली' म्हणजे नेमकं कोण हो? आम्ही दोघी सख्ख्या बहिणी एकत्र राहतो, तरी एजंट म्हणतो "फॅमिली नाही ना तुमची."

चाळीस_वर्षं_वायरिंग

मंडळी, माशांवरून भांडताय, तोवर एक माणूस मेलेला असेल. मी इलेक्ट्रिकचं काम करतो. धागाकर्तीने बाथरूमबद्दल लिहायला हवं होतं, ते राहिलं, म्हणून मी लिहितो.

सिंहगड रोडला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये गीझर बघायला बोलावलं. बाथरूम चार बाय सहाचं, गॅस गीझर आत भिंतीवर. वरची झरोक्याची काच काढून तिथे प्लायवूड ठोकलेलं, कारण समोरच्या बिल्डिंगीतून दिसतं म्हणे. फटीसुद्धा पेपर कोंबून बंद. ज्योत निळी हवी, ती पिवळी आणि टोकाला काजळी धरणारी. राहणारा पोरगा म्हणाला, "काका, अंघोळ झाली की डोकं जड होतं, वाटलं पित्त असेल." ते पित्त नव्हतं. बंद जागेत गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस दाराची कडी काढायला उठू शकत नाही. मी तिथेच कॉक बंद केला. मालकाला फोन लावला, तर तो म्हणाला, "आधीच्या भाडेकरूला तीन वर्षं काही झालं नाही."

मुलांनो, घर बघायला गेलात की पहिल्यांदा झरोका बघा. गॅस गीझर आत असेल तर घर सोडा, किंवा तो बाहेर काढल्याशिवाय टोकन देऊ नका. मीटरजवळच्या बोर्डावर आरसीसीबीचं (शॉक बसायच्या आत वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून बघा, खटका पडला पाहिजे. खिडक्यांना बॉक्स ग्रिल असेल तर त्यात आतून उघडणारं दार आहे का, ते बघा. आग लागली तर ते ग्रिल म्हणजे पिंजरा होतो. टॉवरवाल्यांनी विचारावं: आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैत भरतात का? मी गेलो तिथे पाइप झकास लाल रंगवलेले आणि नळात थेंब नाही, असं पाहिलंय.

मुठाकाठची

काका, खरंच माझं राहून गेलं. माझ्या सध्याच्या घरातही गॅस गीझर होता. तो काढायला लावला आणि त्यासाठी डिपॉझिटमध्ये एक महिना जास्त दिला. ते पैसे अजून टोचतात, तरी द्यायला हवे होते.

दोन_फ्लॅटवाला

माझ्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये गॅस गीझर आतच आहे. झरोका आहे, पण पावसाचं पाणी येतं म्हणून भाडेकरू त्याला पुठ्ठा लावतो, ते मी स्वतः पाहिलंय. उद्या प्लंबर पाठवतो. बाकी माझं मत बदललेलं नाही. पोलिसांना माहिती आणि नोंदणीकृत करार याशिवाय किल्ली देणार नाही. दहाच्या गेटचं काय ते सोसायटीच्या सभेत मांडतो, वचन देत नाही.

रात्रपाळी

मांडा काका. आणि सभेत सांगा की, मुलगी गेटवर आली तर आधी आत घ्या, रजिस्टर मग भरा.

चाळीस_वर्षं_वायरिंग

दोन_फ्लॅटवाले साहेब, प्लंबर उद्या येईल. आज रात्रीच फोन करून तो पुठ्ठा काढायला सांगा.

दोन_फ्लॅटवाला

केला फोन. काढलाय म्हणाला.