मदत हवी आहे: केमोच्या आधीच ट्यूमर लायसिस (गाठीच्या पेशी फुटून त्यांच्यातले घटक रक्तात येणं)?

काकांना बर्किट लिम्फोमा (खूप झपाट्याने वाढणारा रक्तपेशींचा कॅन्सर) निघालाय. केमोचा एकही डोस गेलेला नाही, तरी युरिक ॲसिड १४, क्रिएटिनिन वाढलेलं, लघवी कमी. डॉक्टर म्हणाले, गाठ इतकी झपाट्याने वाढतेय की पेशी आपोआप फुटताहेत. मला वाटायचं हे केमोनंतरच होतं! फॉस्फरस मात्र फारसा वाढलेला नाही. नव्या पेशी तो वापरून टाकतात म्हणे. सलाइन चालू आहे. ॲलोप्युरिनॉल नवं युरिक ॲसिड बनू देत नाही, पण आधीच साठलेलं हटवत नाही, म्हणून ते मोडून काढणारं रासब्युरिकेज हे औषध द्यायचंय. त्याआधी जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) तपासायला दिलंय, ते कमी असेल तर या औषधाने तांबड्या पेशी फुटतात.

कुणाच्या घरी असं झालंय का? डायलिसिस लागलं का, किडनी पूर्ववत झाली का? केमो किती दिवसांनी सुरू केली? पोटॅशियमचीच जास्त धास्ती वाटतेय.